दशांश खेळाडूचा उद्धार

अमेरिकेतल्या कॉलेजच्या बेसबॉल संघाला २०२५ सालापर्यंत जास्तीत जास्त किती शिष्यवृत्त्या देता येत होत्या, ठाऊक आहे? अकरा पूर्णांक सात दशांश. छापायची चूक नाही, कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या नियमातला अधिकृत आकडा आहे. पुरुषांच्या कुस्तीला नऊ पूर्णांक नऊ, टेनिसला साडेचार, धावण्या-फेकण्या-उड्यांना मिळून बारा पूर्णांक सहा. हा सात दशांश बेसबॉलपटू डोक्याकडून मोजायचा की पायाकडून, याचा खुलासा कुणी केला नाही.

प्रशिक्षक मग कॅल्क्युलेटर घेऊन बसत. बरा पिचर असेल तर साठ टक्के, कॅचरला चाळीस, बाकीच्यांना पाव-पाव. अनेक वर्षं तर नियमच होता की सत्तावीसपेक्षा जास्त मुलांत वाटायचं नाही आणि ज्याला द्यायचं त्याला पावापेक्षा कमी द्यायचं नाही. उरलेले पोरगे बापाच्या खिशातून फी भरत आणि बाकावर बसून टाळ्या वाजवत. कारकुनी बुद्धीने खेळाचं काय होतं, याचा इतका सुबक नमुना आपल्या एखाद्या क्रीडा संचालनालयालाही जमला नसता.

तर हा दशांश खेळाडू अखेर पूर्णांक झाला. ६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी ‘हाऊस विरुद्ध एनसीएए’ या खटल्यातली तडजोड मंजूर केली. हाऊस म्हणजे ग्रँट हाऊस, अ‍ॅरिझोना स्टेटचा जलतरणपटू. २०१६पासूनच्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई, तीही दहा वर्षांच्या हप्त्यांनी. यापुढे विद्यापीठाला आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा, पहिल्या वर्षी साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. आणि शिष्यवृत्त्यांवरची मर्यादा रद्द! बेसबॉलला आता चौतीस, कुस्तीला तीस, टेनिसला दहा, फुटबॉलला (अर्थात त्यांच्या, अमेरिकन फुटबॉलला) पंच्याऐंशीच्या जागी एकशे पाच. वाचून कुणाचेही डोळे पाणावतील. छोट्या कॉलेजांच्या क्रीडा संचालकांचेही पाणावलेच, फक्त कारण वेगळं होतं.

कारण या औदार्यात एक क्रियापद दडलेलं आहे. विद्यापीठं शिष्यवृत्त्या ‘देऊ शकतात’. पैसे कुठून आणायचे, हे त्यांचं त्यांनी बघायचं. सरकारने उद्या जाहीर करावं की मलबार हिलवर आता कुणीही हवा तेवढा मोठा बंगला बांधावा, कसलीच मर्यादा नाही. आणि या आनंदात डोंबिवलीकराने पेढे वाटावेत, तशातला हा प्रकार. मर्यादा उठली ती ज्याला टोचत होती त्याची. ज्याच्या तिजोरीत अकराव्या शिष्यवृत्तीलाच खडखडाट होता, त्याला बाराव्या शिष्यवृत्तीचं स्वातंत्र्य मिळालं.

त्या जुन्या, हास्यास्पद दशांशांचा एक उपयोग होता, आणि तो नियम करणाऱ्यांच्याही ध्यानात नसावा. ते कुंपण होतं. एखाद्या उमद्या कुस्तीगिराला ओहायो स्टेटसारखं धनाढ्य विद्यापीठ पाव शिष्यवृत्तीच्या वर देऊ शकत नसे, कारण त्याचे नऊ पूर्णांक नऊ वाटून संपलेले. शेजारच्या लहान कॉलेजचा प्रशिक्षक त्याला ऐंशी टक्के देऊ करी. पोरगा हिशेब करी, आई-बाप हिशेब करीत, आणि पोरगा लहान कॉलेजात येई. आता धनाढ्य विद्यापीठाला तिसांच्या तिसांना पूर्ण शिष्यवृत्ती देता येते. लहान कॉलेजच्या प्रशिक्षकाकडे उरलं काय, तर निसर्गरम्य परिसर आणि प्रेमळ वागणूक.

आणि घडवलेला मुलगाही टिकत नाही. २०२२मध्ये जर्सी सिटीच्या सेंट पीटर्सने बास्केटबॉलमध्ये केंटकीला हरवलं, पाठोपाठ मरे स्टेट आणि पर्ड्यूला हरवलं, आणि पंधरावं मानांकन असूनही शेवटच्या आठांत धडक मारली. असं आधी कुणी केलं नव्हतं. मग प्रशिक्षक सीटन हॉलला गेले आणि बरेचसे खेळाडू दुसरीकडे. लहान कॉलेजाला यश मिळालं की त्याच्या मांडवाचे खांबच पाहुणे घेऊन जातात. हे शिष्यवृत्त्यांची मर्यादा असतानाचं झालं. आता तर मांडव उतरवायला मजूरही पुरवले जातील.

बरं, शिष्यवृत्तीची मर्यादा गेली तिच्या जागी पटसंख्येची मर्यादा आली. चौतीस म्हणजे चौतीस. पस्तिसावा पोरगा स्वतःची फी भरून, स्वतःचा हातमोजा घेऊन दारात उभा राहिला तरी त्याला संघात घ्यायचं नाही. अशा बिनशिष्यवृत्तीच्या खेळाडूंना तिकडे वॉक-ऑन म्हणतात. फुटबॉलच्या मोठ्या संघांत ते डझनांनी असत. त्यांची नावं कापली जाऊ लागली तेव्हा न्यायाधीशबाईंनीच डोळे वटारले. मग तोडगा निघाला, की ज्यांना या नियमापायी वगळलं त्यांना विद्यापीठं परत घेऊ ‘शकतात’, ते पटात मोजले जाणार नाहीत. पुन्हा तेच क्रियापद. खेळाडूंच्या कल्याणाच्या तडजोडीत खेळाडूंनाच घरी पाठवण्याची सोय असावी, हा विनोद सदरलेखकाच्या आवाक्याबाहेरचा आहे. तो वकिलांनाच सुचतो.

लहान कॉलेज म्हणेल, आम्हाला नको तुमचं औदार्य. चालेल, सक्ती नाही. बाहेर राहिलात तर पटसंख्येचं बंधन नाही, पण जुने दशांश तुमच्यापुरते कायम. आत आलात तर माणसं मोजा आणि पैसे ओता. भरपाईचा वाटा मात्र आतल्यांनाही आणि बाहेरच्यांनाही, कारण एनसीएए सगळ्यांना जे पैसे वाटते त्यातूनच तो कापला जाणार. ज्यांच्या स्टेडियममध्ये एक लाख माणसं बसतात त्यांनी वर्षानुवर्षं खेळाडूंना फुकट राबवलं, आणि त्याचा दंड ज्यांच्या जिममध्ये दोन हजारांची बाकडी आहेत त्यांच्याही माथी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणावं, तर इथे चोरालाही थोडी झाली. संन्याशाला जरा जास्त लागली, इतकंच. तशी तक्रार लहान कॉलेजांच्या परिषदांनी वेळेवर केली होती. ऐकून घेण्यात आली.

आयव्ही लीगवाले तेवढे शहाणे. त्यांनी जानेवारी २०२५मध्येच सांगितलं की आम्ही यात नाही. क्रीडा शिष्यवृत्ती ते मुळात देतच नाहीत. हार्वर्ड-येलचं वैभव बाळगून गरिबीचं व्रत पाळायला वेगळीच ऐपत लागते.

मोठ्यांकडे मात्र पैसा नाही असं कुणी म्हणू नये. टेक्सास ए अँड एमने नोव्हेंबर २०२३मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना घरी पाठवलं, आणि घरी बसण्यासाठी त्यांना देणं लागत होतं साडेसात कोटी डॉलरहून जास्त. नव्या व्यवस्थेत वाढीव शिष्यवृत्त्यांपोटी वर्षाला जास्तीत जास्त पंचवीस लाख डॉलर त्या दोन कोटींच्या मर्यादेत धरले जातात. म्हणजे एका माणसाने काम न करण्याच्या मोबदल्यात तीस वर्षांच्या वाढीव शिष्यवृत्त्या निघाल्या असत्या. उरलेल्या वाटणीचं सूत्र बऱ्याच ठिकाणी साधारण ठरलेलं दिसतं: पंचाहत्तर टक्के फुटबॉलला, पंधरा पुरुषांच्या बास्केटबॉलला, पाच महिलांच्या बास्केटबॉलला आणि उरलेले पाच बाकी सगळ्या खेळांना. त्या ‘बाकी सगळ्या’त अमेरिकेची ऑलिंपिक पदकं येतात, पण ती चार वर्षांतून एकदाच दिसतात.

मग काटकसर कुठे होते? कॅलिफोर्नियाच्या कॅल पॉलीने मार्च २०२५मध्ये जलतरण आणि डायव्हिंग बंद केलं, मुलांचंही आणि मुलींचंही. ज्या खटल्याला एका जलतरणपटूचं नाव आहे, त्याच्या तडजोडीचं ओझं हे कारणांपैकी एक सांगितलं गेलं. टेक्सासमधल्या स्टीफन एफ. ऑस्टिनने गोल्फ, बीच व्हॉलीबॉल आणि महिलांचं बोलिंग मोडीत काढायचं ठरवलं. यातला बोलिंगचा संघ २०१६ आणि २०१९चा राष्ट्रीय विजेता. राष्ट्रीय विजेतेपद आणणारा संघ बंद करायचा आणि फुटबॉल चालू ठेवायचा, याला तिकडे धोरणात्मक फेररचना म्हणतात. पोरी कोर्टात गेल्या. स्त्री-पुरुष समानतेच्या १९७२च्या कायद्यावर बोट ठेवून न्यायालयाने महिलांचे संघ तूर्त चालू ठेवायला सांगितले. पुरुषांच्या गोल्फला असा कायदा नाही.

जुनी व्यवस्था म्हणजे रामराज्य होतं, असं मात्र कुणी समजू नये. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्दच १९५०च्या दशकात एनसीएएने रुजवला, कारण खेळाडू कर्मचारी ठरला तर मैदानात पाय मोडल्यावर भरपाई द्यावी लागली असती. कोट्यवधींची टीव्ही कंत्राटं करायची आणि ज्याला बघायला लोक टीव्ही लावतात त्याला पुस्तकं आणि जेवण द्यायचं, हा धंदा मोडलाच पाहिजे होता. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी त्याला दणका दिला तो उगीच नाही. फुटबॉलपटूला त्याच्या घामाचे पैसे मिळाले, उत्तम झालं. पण ते दिले कुणी, हे पाहिलं की आयजीच्या जिवावर उदार झालेली बायजी दिसते.

आता एक सूचना आपल्या पुण्या-मुंबईच्या पालकांना. पहाटे पाचला पोराला टेनिसच्या कोर्टावर सोडताना ‘साडेचारचे दहा झाले’ या बातमीने हुरळून जाऊ नका. दहा होतील ते जिथे पैसा आहे तिथे, आणि तिथे साऱ्या जगातली पोरं रांगेत आहेत. आपल्या पोराला जिथे हमखास जागा मिळाली असती, त्या कॉलेजात टेनिसचा संघ उरला आहे का, हे आधी विचारा.

राहता राहिलं पेनसिल्व्हेनियातल्या लोरेटो गावचं सेंट फ्रान्सिस. फ्रान्सिस्कन साधूंचं लहानसं विद्यापीठ. मार्च २०२५मध्ये त्यांचा पुरुषांचा बास्केटबॉल संघ एनसीएए स्पर्धेला पात्र ठरला, १९९१नंतर पहिल्यांदा. डेटनला अलाबामा स्टेटशी सामना. अखेरच्या क्षणांत ६८-६८ अशी बरोबरी. समोरच्यांनी मैदानाच्या या टोकाहून त्या टोकाला चेंडू भिरकावला, हातांच्या गर्दीत तो कुणाला तरी लागून उडाला, अलाबामा स्टेटच्या एकाच्या हातात पडला आणि सेकंदभर बाकी असताना बास्केटमध्ये गेला. ७०-६८. चौतीस वर्षांची प्रतीक्षा आणि दोन गुणांची हार. एखाद्या कॉलेजने पुढच्या वर्षी आणखी त्वेषाने उतरण्यासाठी याहून काय हवं?

आठवड्याभरात, २५ मार्चला, विद्यापीठाने जाहीर केलं की बदललेल्या परिस्थितीत आम्ही डिव्हिजन वन ही सर्वांत वरची श्रेणी सोडून डिव्हिजन थ्रीमध्ये जातो आहोत. डिव्हिजन थ्रीमध्ये क्रीडा शिष्यवृत्ती दिली जात नाही. अकरा पूर्णांक सात नाही, चौतीसही नाही; शून्य.