फायदे डावीकडे, तोटे उजवीकडे

स्पोकन इंग्लिशच्या वर्गात ‘वर्क फ्रॉम होम: फायदे आणि तोटे’ हा विषय घेताना मास्तरांनी एक पथ्य पाळावे. विद्यार्थ्यांना त्यांचे स्वतःचे मत विचारू नये. मत आले की माणूस मराठीत बोलू लागतो, आणि फी तर इंग्रजीची घेतलेली असते.

फळ्यावर मधोमध रेघ मारावी. डावीकडे पहिला फायदा: वेळ वाचतो. वर्ग पुण्यात असेल तर हा शिकवावा लागत नाही. हिंजवडीहून आलेला मुलगा ‘ट्रॅफिक’ एवढे एकच म्हणतो, पण असे कळवळून, की क्रियापद कुठे गेले हे विचारायचा धीर होत नाही.

उजवीकडे ‘एकटेपणा’ लिहावा. इथे पुढच्या बाकावरच्या ताई हसतील. सासू-सासरे, दोन मुले आणि मीटिंगमधला नवरा, एवढे सगळे दोन खोल्यांत. एकटेपणा मिळतो कुठे, असे त्या विचारतील. शिवाय नवऱ्याचा वाचलेला वेळ आपल्याच चहाच्या आधणात गेला, तो कोणत्या बाजूला लिहायचा? मागून कंपनीची कॅब चालवणारे दादा म्हणतील, साहेब घरी बसले तेव्हा माझी गाडीही घरीच बसली होती. मास्तरांनी डगमगू नये. तिसरा रकाना काढायचा मोह तर कटाक्षाने टाळावा. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत दिलेल्या विषयावर विचार करायला एक मिनिट आणि बोलायला फार तर दोन. तेवढ्यात सासू-सासरे मावत नाहीत.

वर्गात एखादा वाचणारा निघतोच. अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांचा 2015 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तो काढील. चीनमधल्या सीट्रिप कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये नऊ महिने घरून काम करणाऱ्यांचे काम 13 टक्क्यांनी वाढले. आणि पुढे निवड करायला सांगितल्यावर त्यांच्यातलेच बरेच जण ऑफिसात परतले. म्हणजे एकच माणूस रेघेच्या दोन्ही बाजूंना! त्या मुलाची पाठ थोपटावी आणि उच्चार सुधारायला सांगून खाली बसवावे.

मग जोड्या लावाव्यात. एकाने बाजूने बोलायचे, दुसऱ्याने विरुद्ध. एचआरवाल्या बाईंना बाजूने बोलायला लावावे, ऐकण्यासारखे असते. नवरा-बायको एकाच वर्गात असतील तर त्यांची जोडी लावू नये.

शेवटी कोणीतरी विचारणारच, की सर, मग हा वर्ग ऑनलाइन का नाही? हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा समजावा. गाळ्याचा अकरा महिन्यांचा करार नुकताच झाला आहे.