अति तेथे एक्स

अमेरिकेत एडिसनमधल्या प्रत्येक मराठी घोळक्यात एक टॅक्सकाका असतात. पोटापाण्याला सॉफ्टवेअर, पण जीव सगळा रिटर्नमध्ये. "सीपीएला तीनशे डॉलर कशाला द्यायचे? 1040 चा फॉर्म म्हणजे चौथीचं गणित!" असं म्हणत ते फेब्रुवारीत डायनिंग टेबल बळकावतात. काकू मग एप्रिलपर्यंत सोफ्यावर जेवतात.

काकांचा पिंड साठवणीचा. गराजमध्ये तांदळाच्या वीस-पौंडी पिशव्या चार, दह्याचे रिकामे डबे अगणित. त्याच बाण्याने 2024 च्या जानेवारीत त्यांनी रॉथ आयआरए या म्हातारपणासाठीच्या बचत खात्यात 8,000 डॉलर टाकले. पन्नाशी ओलांडलेल्यांना 2024 साली तेवढी कमाल मर्यादा होती; काका तिला किमान समजले. डिसेंबरात बोनस आला, नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न 2,40,000 च्या वर गेलं, आणि त्यापुढे त्या वर्षी रॉथमध्ये एक डॉलरही चालत नव्हता. रिटर्न भरायच्या सॉफ्टवेअरने टोकलं असतं. पण काकांनी त्याला रॉथचं सांगितलंच नव्हतं. "वजावट मिळत नाही, मग सांगायचं कशाला?"

सप्टेंबर 2025. मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत काका एका नव्या पोराला रॉथचं माहात्म्य सांगत होते. पोराने भाबडेपणाने विचारलं, "काका, पण त्याला उत्पन्नाची अट असते ना?" काकांचा मोदक तोंडाशी आला आणि तिथेच राहिला.

म्हातारपणासाठी साठवा, असा आग्रह अमेरिकेत सगळेच करतात. पण ताटात जास्त पडलं, की ते ताटात असेपर्यंत दरवर्षी 6 टक्के दंड. सुटायचं तर 15 ऑक्टोबरच्या आत जिलबी परत करायची. नुसती जिलबी नाही, ताटात पडल्यापासून तिला सुटलेला पाकसुद्धा. मग 1040-एक्स, म्हणजे सुधारित रिटर्न, भरायचं आणि त्याच्या माथ्यावर 'श्री' लिहावा तसा 301.9100-2 हा कलमाचा आकडा लिहायचा. काकांचा पाक निघाला 3,000 डॉलरच्या घरात. तो 2024 च्या उत्पन्नात धरून त्यावर कर. शेअर बाजार चढला म्हणून कपाळाला हात लावणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

पण काका बहाद्दर. मुदतीआधी दोन दिवस सगळं उरकलं. दिवाळीच्या फराळाला पोरांना जमवून ते सांगत होते, "प्रोसेस कळावी म्हणून मी मुद्दामच जास्त भरले होते."

काकू चकल्या वाढत होत्या. म्हणाल्या, "अहो, माझ्या नावाने आठ हजार टाकले होतेत, त्यांचंही केलंत ना?"

काकांनी हातातली चकली हळूच ताटात परत ठेवली. पण ती अर्धी खाऊन झाली होती.

8,000 चे 6 टक्के, 480 डॉलर. हे मात्र खरंच चौथीचं गणित होतं.