दोन्ही हातांचा चहा

हल्ली चहा नुसता पिऊन भागत नाही, तो सजगपणे प्यावा लागतो. वाफेकडे बघा, सुगंध घ्या, घोट जिभेवर घोळवा, मनात येणारे विचार येऊ द्या नि जाऊ द्या, आणि हे सगळं स्वतःवरच्या प्रेमापोटी करा, असा सल्ला जिथे तिथे मिळतो. सल्ल्यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण त्याच्या जोडीला जो सुबक, जाडजूड, कानवाला मग विकला जातो, तो या कामाला साफ नालायक आहे. चहावरून लक्ष ढळू नये याची चोख व्यवस्था आपल्या घरांत आधीपासून होती. तिला बशी म्हणतात.

कानाचा दोष असा की तो एकाच हाताला काम देतो आणि दुसरा हात मोकळा सोडतो. मोकळा हात आज कुठे जातो हे सांगायला नको. चहा संपतो तेव्हा मालकाला त्याची वार्ताही नसते, तो कुणाच्या तरी लग्नाचे फोटो बघत असतो. बशीला कान नाही. काठोकाठ भरलेली बशी दोन्ही हातांच्या बोटांवर तोलायची, पातळी ढळू न देता ओठांपर्यंत आणायची, अलगद फुंकर घालायची आणि मग भुरका. फुंकर जोरात गेली तर चहा पलीकडच्या काठावरून उतरतो, म्हणजे श्वासावर ताबा आलाच. ध्यानात मन भरकटलं तर त्याला हळूच परत आणावं म्हणतात. बशीच्या बाबतीत ते काम मांडीवर सांडलेला चहा करतो, आणि हळूच करत नाही. चहापानाला साधनेचं रूप देणारे जपानचे सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांच्या परंपरेतही चहाचा वाडगा बिनकानाचाच असतो आणि तो दोन्ही हातांनीच उचलतात. त्यांना तिथवर पोचायला वेगळी चहाची खोली आणि वर्षानुवर्षांची तालीम लागते. आपल्याकडे हे सगळं खाटेवर, बनियनमध्ये साधत असे.

आता स्वतःवरच्या प्रेमाचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेयांचा समावेश 'बहुधा कर्करोगकारक' गटात केला, धोका अन्ननलिकेला. दोष चहाचा नाही, तापमानाचा. आणि तापमान उतरवण्यात बशीचा हात कोण धरणार? पसरट थर, वर मोकळी हवा, खाली गार चिनीमाती. उकळता चहा तसाच घशाखाली ढकलून 'कडक झालाय' म्हणणाऱ्या वीराने स्वतःवर नेमकं कोणतं प्रेम केलं, हे त्याच्या अन्ननलिकेला विचारावं.

भुरक्याचा आवाज होतो, हा आक्षेप ठरलेलाच. होतोच. जपानी चहाविधीत शेवटचा घोट आवाज करून ओढणं ही रीत आहे. चहाचा दर्जा ठरवणारे पगारी चवज्ञ तर आपल्या आजोबांना लाजवतील असे भुरके मारतात, कारण हवेबरोबर ओढलेला चहा तोंडभर पसरतो आणि त्याचा गंध नाकापर्यंत पोचतो. बशीतून पिणं गावंढळ, असंही म्हणतात. पण अठराव्या शतकात खुद्द इंग्लंडात खोलगट बशीत ओतून चहा पिणारे होतेच, आणि एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत तर बशीतून पिताना रिकामा कप टेकवायला वेगळी चिमुकली ताटली मिळत असे. पुढे त्यांनी ते असभ्य ठरवलं, आणि आपण मुकाट्याने बशी दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवू लागलो.

एक आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. आपल्याकडे बशी ही वाटून घेण्याची वस्तू: अवचित पाहुणा आला की कप त्याला, बशी आपल्याला. त्यात स्वतःवरचं प्रेम कुठलं? पाहुण्यापुरतं हे ठीक आहे. समोर बसलेल्या माणसाबरोबर अर्धा चहा एका लयीत संपवण्यात कुणाचं काही कमी होत नाही. पण घरातल्या सगळ्यांसाठी मोजून आधण ठेवणारी बाई स्वतःचा कप त्यात धरत नाही. 'मला नको, तुमच्यातलाच घोटभर द्या' म्हणते, आणि तो घोट नेमका बशीतून तिच्याकडे येतो, तोही साय धरलेला. म्हणजे मी जिची आरती ओवाळतोय तीच बशी तिच्या वाट्याला उरलंसुरलं घेऊन येते. इथे बशीची बाजू घेता येत नाही. पातेल्यात कपभर पाणी जास्त घाला, जमल्यास आधणच दुसऱ्या कुणी ठेवा, आणि तिला भरलेला कप बशीसकट द्या, एवढंच म्हणता येतं. चहा पिताना चहाच प्या असं शिकवणारे व्हिएतनामी भिक्षू थिक न्हात हान्ह यांनी भांडी घासतानाही भांडीच घासा असं सांगून ठेवलंय. त्यातला चहाचा भाग आमच्या पुरुषवर्गाने तत्परतेने उचलला आहे.