संत्र्याच्या वासाचा गुन्हा

वरूडात संत्र्याची प्रत ठरवायला व्यापारी बोलवावा लागतो. तो बगीच्यात फिरतो, दोन फळं फोडतो, तोंड वाकडं करतो आणि भाव पाडून जातो. खर्र्याची प्रत ठरवायला कुणालाही बोलवावं लागत नाही. पानठेल्यासमोर उभा असलेला प्रत्येक इसम त्या विषयातला आचार्यच असतो. सुपारीचा तुकडा केवढा, तंबाखू कोणत्या नंबरची, चुना किती आणि प्लास्टिकच्या पन्नीवर घोटाई किती वेळ, यावर तो न थांबता बोलतो. थांबतो फक्त थुंकायला. हाताने घोटलेला चांगला की मशीनचा, या वादात सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं आहे.

अशा जाणकार मंडळासमोर गेल्या दिवाळीत स्वीडनची एक गोल डबी आली. गावातले एक जावईबापू स्टॉकहोमला नोकरीला असतात, त्यांनी आणली. जावयाने आणलेल्या वस्तूला नावं ठेवता येत नाहीत, म्हणून मंडळाने रीतसर परीक्षण करायचं ठरवलं.

डबीतला माल म्हणजे स्नूस. ब्रँड जनरल, जन्म 1866 चा. ओलसर तंबाखूच्या छोट्या पांढऱ्या पुड्या वरच्या ओठाखाली दाबून बसायचं. "हे तं चहाच्या पुडीवानी दिसते," असा पहिला शेरा नोंदवला गेला. जावईबापूंनी माहिती दिली की, ही तंबाखू वाफेवर तापवून जंतू मारतात, दुकानात फ्रिजमध्ये ठेवतात आणि डबीवर वापरायची मुदत छापतात. तंबाखूतल्या कर्करोगकारक नायट्रोसामाइनची कमाल मर्यादाही कंपनीने ठरवून घेतली आहे. मंडळ आदराने ऐकत होतं. मग ते म्हणाले, हिची थुंकी टाकायची नसते, आणि वापरलेली पुडी ठेवायला झाकणातच वेगळा कप्पा असतो.

इथे सभेत गडबड झाली. "थुकाचं नाई? मंग खायाचं कायले?" हा प्रश्न एका निवृत्त मास्तरांनी विचारला, आणि तो बिनतोड होता. तहसीलपासून एसटी स्टँडापर्यंत भिंतींच्या कोपऱ्यांना जो रंग पिढ्यान् पिढ्या चढला आहे, तो असा झाकणात कोंबायचा? थुंकी या निकषावर स्वीडनला शून्य गुण मिळाले.

दुसरी हरकत पानठेलेवाल्याची. "याच्यात चुना नाई, म्हंजे चढन कसं?" हा माणूस नववीत शाळेबाहेर पडला, पण रसायनशास्त्र त्याला शाळेपेक्षा ठेल्याने जास्त शिकवलं. चुन्यासारखा अल्कधर्मी पदार्थ मिसळल्याशिवाय तंबाखूतलं निकोटिन मोकळं होऊन गालातून रक्तात नीट उतरत नाही. डबीवरची घटकांची यादी वाचली, तर त्यात सोडियम कार्बोनेट निघालं, म्हणजे धुण्याचा सोडा. चुन्याची जागा त्यानेच घेतली होती. मंडळाने पानठेलेवाल्याकडे अभिमानाने पाहिलं.

तसा स्वीडनचा आणि खर्र्याचा संबंध जुनाच. तंबाखूला निकोटियाना टबॅकम आणि सुपारीला अरेका कॅटेचू ही शास्त्रीय नावं 1753 साली एकाच ग्रंथात देणारा लिनीयस स्वीडिशच. बिचाऱ्याकडून चुना तेवढा राहिला. स्वीडिश माणूस तंबाखूवर जीव टाकतो तो असा, की 1992 मध्ये युरोपने स्नूस विकायला बंदी केली, तर 1995 मध्ये युरोपीय संघात शिरताना स्वीडनने आपल्यापुरती सूट लिहून घेतली. स्नूसपायी अख्ख्या युरोपाशी घासाघीस. आमचे पुढारी संत्र्यासाठी एवढे अडून बसले असते तर? जाऊ द्या, सदराची जागा कमी आहे.

खरा स्फोट वास घेताना झाला. डबी नाकाशी नेताच बगीचेवाले एका सुरात ओरडले, "हा वास आपल्या सालीचा होय!" होताच. जनरलमध्ये बर्गमॉट असतं, इटलीच्या दक्षिण टोकाला पिकणारं लिंबूवर्गीय फळ. त्याच्या सालीचं तेल. आमच्या संत्र्याचं ते भाऊबंदच. मंडळाला दिसायला लागलं की, आपली साल उकिरड्यावर जाते आणि तिकडे तिचे पैसे होतात. इतक्या निवडणुकांत ऐकलेला संत्रा प्रक्रिया प्रकल्प शेवटी पानठेल्यावर सापडला. संत्रा खर्रा! बांगलादेशाने आयात शुल्क वाढवलं की संत्रं कोसळतं. खर्रा कधी कोसळलाय?

प्रकल्प अडला तो कायद्यापाशी. महाराष्ट्राने जुलै 2012 मध्ये गुटखा बंद केला, पुढच्या वर्षी सुगंधी तंबाखू, सुगंधी सुपारी, खर्रा, मावा सगळं त्या यादीत घातलं. साधी तंबाखू मात्र पुडीच्या दर्शनी बाजूच्या 85 टक्के भागावर कर्करोगाचा सचित्र इशारा छापून खुशाल विका. म्हणजे तंबाखू चालते, सुपारी चालते, चुना चालतो, संत्रं तर जिल्ह्याची शान. पण तंबाखूला संत्र्याचा वास लागला की गुन्हा. त्यात 2018 मध्ये प्लास्टिकबंदी आल्यापासून पन्नीही बेकायदा. आज खर्र्याची एक पुडी म्हणजे दोन बंद्या, घोटून.

हा बंदीतला माल तरी येतो कुठून? मध्य प्रदेशाची हद्द इथून जवळ, पलीकडे पांढुर्णा. पण त्या सरकारने तर आपल्याआधी, एप्रिल 2012 मध्येच गुटखा बंद केला. इकडे बंद, तिकडे बंद, आणि संध्याकाळी ठेल्यावर हजर. 2016-17 च्या केंद्रीय पाहणीत राज्यातले सुमारे 24 टक्के प्रौढ बिनधुराची तंबाखू घेताना आढळले. बंदीचं तेव्हा पाचवं वर्ष चालू होतं. जो माल कागदावर अस्तित्वातच नाही, त्याच्या पुडीवर मुदत कोण छापणार आणि त्यातलं नायट्रोसामाइन कोण मोजणार? स्नूसही काही तुळशीचा काढा नव्हे, त्याचंही व्यसन लागतं आणि सुटत नाही. पण तिथे विष मोजून देतात. आपल्याकडे चिमटीने.

अखेरचा निकाल दाजींकडे सोपवला. दाजी आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ रसिक. नुसती सुपारीसुद्धा कर्करोगाला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्ये सांगितलं, त्याच्या कितीतरी आधीपासून दाजी ती चघळत आहेत. आता त्यांच्या तोंडात दीड बोट जातं. घरचा संत्र्याचा बगीचा आहे, पण फोड तोंडात घेतली की आग होते, म्हणून संत्रं फक्त विकतात. दाजींनी पुडी उचलली, ओठ जरासा वर केला, ती आत सरकवली आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने दाताआडून निकाल आला.

"पह्यला नंबर याचा. तोंड उघडाचं कामच नाई."

टाळ्या पडल्या. जावईबापूंनी डबी दाजींना भेट देऊन टाकली. ती खिशात टाकत दाजी पानठेलेवाल्याकडे वळले. "घोट मंग एक. चुना कमी टाक, डाक्टरनं सांगतलं हाये."