मेजर स्टॅट्स, मायनर काय?

"काय हो वहिनी, सकाळपासून तुमच्याकडे आवाज चढलेत!"

"धाकटीच्या कॉलेजचा फॉर्म, ताई. बीएस्सीला स्टॅटिस्टिक्स मेजर ठरलंय. मायनर अर्थशास्त्र की बिझनेस मॅनेजमेंट, यावर बापलेकीची जुंपलीय. ह्यांचं म्हणणं बिझनेस घे, नोकरी पटकन लागते."

"भाऊजींना म्हणावं, सगळी नोकरी बँकेत काढलेल्या बाईचं ऐका. मॅनेजमेंटवाले पुष्कळ पाहिलेत. रेपो दर का वाढला विचारलं, की रिझर्व्ह बँकेचं पत्रक पुढे करायचे."

"पण तिला नंतर एमबीए करायचंय ना!"

"मग तर आत्ता मुळीच नको. कॅटला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसतो आणि एमबीएला मार्केटिंग, फायनान्स, एचआर पहिल्यापासून शिकवतात. तेच दोनदा कशाला? उलट संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचं गोत्र जुळतं. महागाईचा निर्देशांक काय, रिग्रेशन काय, निम्मं काम तिच्या हातचंच. महालनोबिस संख्याशास्त्रज्ञच ना? दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा पाया त्यांच्याच गणितावर रचला."

"म्हणजे बिझनेस वाईट?"

"छे! कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यांचा मुलगा केमिस्ट्री करतोय, दुकान उद्या त्यालाच बघायचंय. त्यानं खुशाल घ्यावं. ताळेबंद वाचता आला, उधारी किती दिवस परवडते ते कळलं, तरी फी वसूल. फक्त अभ्यासक्रमात अकाउंट्स आहे का ते आधी बघावं. नाहीतर बसायचं नेतृत्वगुणांवर टिपणं लिहीत!"

"तो तर तेच घेणार म्हणे. त्याची आई काल देवळात सांगत होती, आमचा सीईओ होणार."

"होऊ दे बाई. आधी दुकानातला गल्ला तरी मोजू दे."

"अहो ताई, हळू! भिंतीला कान असतात. पण मायनर म्हणजे नक्की असतं तरी किती?"

"वीसेक क्रेडिट. थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे सगळे मिळून तीनशेच्या आसपास. तीन वर्षांच्या पदवीला १२०च्या वर क्रेडिट लागतात. त्यात हा सहावा हिस्सा, आणि तुमच्याकडे दोन दिवस जेवणं सुटलीत! भारतीय आर्थिक सेवेची स्वप्नं मात्र एवढ्यावर बघू नका, तिथे अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते."

"आमची कुठली तिथवर जायला!"

"का नाही जाणार? पण आधी चौकशी करा, कॉलेजात अर्थशास्त्राला पूर्णवेळ प्राध्यापक आहेत ना. तासिका तत्त्वावरचे सर किती का चांगले असेनात, वर्ष संपलं की पुढच्या वर्षी दिसतीलच याची खात्री नाही. बिचाऱ्यांचं मानधनही वेळेवर होत नाही."

"आहेत, एक मॅडम आहेत. कडक आहेत म्हणतात."

"मग झालं तर! घेऊ दे अर्थशास्त्र. तिला स्वतःला काय हवंय?"

"अर्थशास्त्रच."

"बघा! पोरगी विचारी आहे."

"कसली विचारी, ताई! बिझनेसचे तास सकाळी सातला आहेत."