आमच्या वेळी शिडी नव्हती

भातसा धरणाचं पाणी नळाने मुंबईला जातं आणि दर रविवारी बाटल्यांत भरून, लोकांच्या पाठीवर बसून पुन्हा शहापूर तालुक्यात येतं. आसनगावला लोकल थांबली की ही मंडळी उतरतात आणि माहुली किल्ल्याची वाट धरतात. आम्ही भातसानगरच्या वसाहतीत वाढलेले, माहुली म्हणजे आमची शेजारीण. त्यामुळे घरात तीन पिढ्यांचे डोंगरवेडे आहेत आणि तिघांचं एका मुद्द्यावर एकमत आहे: खरं साहस काय ते आपल्याच पिढीने केलं.

काका माहुलीवर जायचे तेव्हा माथ्याजवळच्या कातळावर लोखंडी शिडी नव्हती. हे ते लग्नाच्या पंगतीत मठ्ठा वाढणाऱ्यालाही सांगतात. खांद्याला खाकी पिशवी, तिच्यात नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी आणि सुतळीची गुंडी. सुतळी कशाला? "असू द्यावी," एवढंच उत्तर मिळतं.

माझ्या वेळी शिडी होती, पण मोबाइल नव्हता. मागून आणलेली सॅक, पायात हंटर शूज आणि रात्री शहापूरच्या एसटीडी बूथवरून घरी एकच वाक्य: "उतरलो." हे मी भाच्याला ऐकवतो, तेव्हा काका कुत्सित हसतात. बूथ म्हणजे त्यांच्या मते चैनच.

भाच्याच्या सॅकमध्ये नळीचं पाणी, दोन काठ्या आणि उकळतं पाणी ओतलं की तयार होणारे पोहे. वाट घड्याळ दाखवतं. "मामा, आपण चुकलोच नाही," तो अभिमानाने सांगतो. काकांच्या लेखी न चुकता गेलेला माणूस गडावर गेलाच नाही. पण परवा हाच भाचा धाकट्या बहिणीला सांगत होता, "आमच्या वेळी वर रेंज यायची नाही!" वय वर्षे बावीस. त्याचीही 'वेळ' होऊन गेलेली.

तेव्हा कळलं, आपल्याकडे साहस म्हणजे काय नव्हतं त्याची यादी. या हिशेबाने पहिला नंबर शहाजीराजांचा. 1636 मध्ये ते याच माहुलीवर होते आणि खाली मोगल व आदिलशाही अशा दोन फौजांचा वेढा होता. काका इथे मान्य करतात की त्यांच्या वेळी निदान वेढा नव्हता.

दुसरा नंबर एका बिबट्याचा. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरकडे विहिरीत पडलेला हा वयस्कर बिबट्या वनखात्याने बाहेर काढून माळशेज घाटात सोडला. संशोधकांनी त्याचं नाव ठेवलं 'आजोबा'. आजोबा तिथून कसाऱ्याच्या बाजूने, रेल्वे आणि महामार्ग ओलांडत, वसईची खाडी पोहून थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचले. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर, सोबत डबा नाही. त्यांच्यावर 2014 मध्ये सिनेमाही निघाला. मात्र गळ्यात जीपीएसचा पट्टा होता, म्हणून काकांनी त्यांनाही नापास केलं.

हा वाद काकूंनी मिटवला. डेहणे गावाच्या वर याच नावाचा, आजोबाचा डोंगर आहे. तिथे वाल्मीकींचा आश्रम होता, सीतेने लव-कुशांना तिथेच वाढवलं, असं आमच्याकडे मानतात. वर कड्यात 'सीतेचा पाळणा' दाखवतात. काकू म्हणाल्या, "जुळी पोरं घेऊन ती बाई त्या रानात वर्षानुवर्षं राहिली. तुम्ही एका रात्रीत परत येता, तेही मी दिलेली भाकरी खाऊन. आणि पिशवी धुवायला मलाच!" त्यावर एकाही पिढीला उत्तर सुचलं नाही. काका सुतळी गुंडाळत बसले.

तरी माहुलीला जाणाऱ्यांना एक विनंती. शिडीपाशी कुणी पिकल्या केसांचे गृहस्थ वाट अडवून "आमच्या वेळी" असं सुरू करतील, तर मागे रांग लागली तरी ऐकून घ्या. चार-पाच वर्षांत तुम्हालाही श्रोते लागणार आहेत.