नाना पेठ ते कोथरूड, व्हाया गुडघे

पुण्यात पुन्हा सायकल घ्यायची तर दोन मुलुख पालथे घालावे लागतात. एक बाणेरचा, तिथे सायकल काचेआड उभी असते. दुसरा नाना पेठेचा, तिथे ती छताला टांगलेली असते. खिशात दहा हजार होते, म्हणून आधी बाणेरला गेलो. न परवडणारी वस्तू आधी बघून घेतलेली बरी.

“काका, रोड, हायब्रिड की एमटीबी?” तिथल्या पोराने विचारलं.

“कर्वे रोड,” मी म्हटलं. तो हसला नाही.

रोड म्हणजे बोटाएवढ्या टायरची, पुढे वाकून चालवायची. एमटीबी डोंगरासाठी, आणि हायब्रिड तुमच्या-आमच्यासारख्या मधल्यांची. सगळ्यात महागडीला पायडल नव्हते. “ते लोक आपापल्या पसंतीचे लावतात,” पोरगा म्हणाला. मी पायडलसकट मिळणारी सायकल शोधत नाना पेठेत आलो.

तिथल्या शेठने आल्याआल्या भडक पिवळी काढली. पुढे-मागे शॉकअप, डिस्क ब्रेक, एकवीस गिअर, आणि किंमत फक्त आठ हजार! मी ती उचलून पाहिली. म्हणजे पुढचं चाक उचललं. मागचं नाना पेठेतच राहिलं. स्वस्तातले शॉकअप असेच. वजन वाढवतात, आणि आपण पायडल दाबलं की अर्धा जोर ती स्प्रिंगच खाते. गिअरचंही तेच. पुढे तीन, मागे सात, तीन साते एकवीस हे पाढ्यात ठीक; त्यातले कित्येक एकमेकांचे जुळे भाऊ असतात.

कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांच्या सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातली छत्रीधारी सैनिकांची घडीची सायकल आहे. जी घेऊन विमानातून उडी मारायची, तिला कोणी शॉकअप मागत नाही. मला तर ती फक्त जिना चढवायची होती.

“साधी दाखवा,” म्हटल्यावर शेठ खरा खुलला. दांड्यावर दोन्हीकडे पाय टाकून उभं राहायला लावलं. मध्ये दोन-तीन बोटं अंतर हवं. सीटवर बसवून टाच खालच्या पायडलवर टेकवायला लावली. गुडघा सरळ झाला तर सीटची उंची बरोबर. लहानपणी बावीस इंची काळ्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून कैची मारणाऱ्या पिढीला हे लाड नवे होते.

शेवटी त्याने मुद्द्याचं विचारलं, “तुमच्या गल्लीतला पंक्चरवाला कोण?” काही सायकलींना बारीक, टोकाला चिमुकली चकती असलेला व्हॉल्व असतो. त्यात हवा भरायचं तोंड साध्या पंक्चरवाल्याकडे नसतं. स्कूटरसारखा व्हॉल्व असला की कुठेही हवा मिळते. एवढं ज्ञान बाणेरात एसीतही मिळालं नव्हतं.

ठरली. पुढे साधा लोखंडी फोर्क, मागे सात गिअर, रिमचे ब्रेक, साडेनऊ हजार. मग कळलं, स्टँड वेगळा, मडगार्ड वेगळं, कॅरिअर वेगळं. हेल्मेट आणि कुलूप घेईपर्यंत बजेट माझ्या आधीच नदीपार पोचलं होतं.

लक्ष्मी रोडवर साडीखरेदीला आलेल्या बायकांनी मला वाहन मानलंच नाही. मी घंटी वाजवली की त्या दुकानाच्या पाटीकडे बघत. डेक्कनपर्यंत मात्र बरं चाललं. पुढे कर्वे रोडवर कळलं की पुणं सपाट आहे ही अफवा स्कूटरवाल्यांनी पसरवली आहे. इतकी वर्षं कोथरूडला ‘जातो’ म्हणत होतो, प्रत्यक्षात चढतो. नळ स्टॉपच्या सिग्नलला मी मनापासून लाल दिव्याची प्रार्थना केली. हिरवा लागला. मागून एक शाळकरी पोरगं आलं, उभ्याने पायडल मारत मला ओलांडून गेलं. सायकल भडक पिवळी, पुढे-मागे शॉकअप.

सोसायटीच्या फाटकावर नव्या वॉचमनने घामाने निथळणाऱ्या मला ओळखलं नाही आणि रजिस्टर पुढे केलं. नाव लिहिलं, फ्लॅट लिहिला. वाहन क्रमांकाच्या रकान्याशी दोघांचंही अडलं. त्याने सायकल पुढून-मागून तपासली, पेन माझ्या हातून घेतलं आणि लिहिलं, ‘पायी’.